पुण्यात मासेमारी शिकायला क्रॅपीचा सेट: चिलापीसाठी वापरून बघितला, काय ठेवायचं आणि काय बदलायचं

ऑनलाईन ‘क्रॅपी कॉम्बो’ म्हणून जो अल्ट्रालाईट, म्हणजे अगदी हलक्या, रॉड-रीलचा (काठी आणि लाईन गुंडाळायची चरखी) सेट मिळतो तो मी गेल्या दसऱ्याच्या सुमारास घेतला, आता उन्हाळा संपत आलाय, म्हणजे अख्खा सीझन वापरून झालाय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. आधीच सांगून टाकते, पुण्यात राहून गळाची मासेमारी शिकायची असेल तर माझ्या मते सुरुवातीला घ्यायचा सेट हाच, फक्त त्यातल्या दोन-तीन गोष्टी घरी आल्या आल्या बदलायच्या. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हाच माल चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, डबा तोच, रंग बदललेला. तुम्ही नावापेक्षा आत काय आहे ते बघा.

क्रॅपी हा मासा आपल्याकडे नाहीच, तो उत्तर अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला, सनफिशच्या घराण्यातला. पांढरा आणि काळा अशा दोन जाती, झुंडीने राहतो, पाण्यात बुडालेल्या झाडांच्या फांद्यांमध्ये लपून छोटे मासे खातो. अंगाने लहानच, आजवरचा सगळ्यात मोठा पांढरा क्रॅपी १९५७ साली मिसिसिपीतल्या एनिड धरणावर मिळाला, ५ पाउंड ३ औंस, म्हणजे साधारण २.३५ किलो, आणि तो विक्रम अजून तसाच आहे. म्हणजे विक्रमी मासा सव्वादोन-अडीच किलोचा, रोजचा मासा त्याच्या पाव-पंचमांश. माझा मावसभाऊ टेनेसीत असतो, तो रीलफूट नावाच्या तळ्यावर यासाठी जातो, ते तळं १८११-१२ च्या भूकंपांनी तयार झालं आणि त्यात सायप्रसच्या झाडांचे बुंधे अजून उभे आहेत, त्या बुंध्यांच्या मध्ये हळूच जिग (शिशाचं डोकं असलेला गळ) सोडायचा आणि वाट बघायची. त्याच्याकडूनच मला ही सगळी पद्धत कळली आणि ऐकताना सारखं वाटत होतं की अरे, हे तर आपल्या चिलापीला लागू पडणार.

कारण बघा, पुण्याच्या आसपास नवख्या माणसाला खात्रीने मिळणारा मासा म्हणजे चिलापी, म्हणजेच तिलापिया. ती मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ साली आणली आणि आता उजनीपासून पार आपल्या गावच्या पाझर तलावापर्यंत सगळीकडे आहे. तळहाताएवढी ते ताटाएवढी, झुंडीने राहणारी, बुंधे-दगड-बांध यांच्या आडोशाला थांबणारी. आणि आपल्याकडे लोक सुरुवात कशाने करतात, तर नऊ फुटी जाड रॉड, ४००० नाहीतर ५००० नंबरचं मोठं रील, ०.४० मिलिमीटर जाडीचा तंगूस (नायलॉनची दोरी) आणि सुपारीएवढं शिसं. त्या सगळ्या वजनाच्या टोकाला दीडशे ग्रॅमची चिलापी गांडूळ कुरतडून जाते आणि वर हाताला काहीही कळत नाही, माणूस दुपारभर उन्हात बसून राहतो आणि म्हणतो खडकवासल्यात मासेच राहिले नाहीत. मासे आहेत हो, सामान त्यांच्या मापाचं नाही. मला या रिव्ह्यूत हे एकच सांगायचंय, बाकी सगळं त्याच्याच मागून येतं.

आता डब्यात काय येतं. सहा फुटी दोन तुकड्यांचा रॉड, १००० साईझचं स्पिनिंग रील, त्यावर आधीच भरलेली चार पाउंड ताण सोसणारी लाईन, एक चपटी पेटी ज्यात १/१६ आणि १/३२ औंसाचे जिगहेड, दोन इंची रबरी ट्यूब, पाण्यावर तरंगणारे चार स्लिप फ्लोट, सोनेरी रंगाचे लांब दांडीचे गळ आणि चिमटीत मावतील असे शिशाचे मणी.

रॉड चांगला आहे. टोक इतकं मऊ आहे की गळाला नुसतं गांडूळ लावून हलवलं तरी टोक हलताना दिसतं, आणि खालचा अर्धा भाग मात्र बऱ्यापैकी कणखर, त्यामुळे अर्ध्या किलोचा मासा आला तरी घाबरायचं कारण नाही. रॉडवर लिहिलेलं वाचा, माझ्यावर २ ते ६ पाउंड लाईन आणि १/३२ ते १/४ औंस वजन असं आहे, याच्या बाहेर जायचं नाही, कोणी म्हणालं की ‘जरा मोठं शिसं लाव, लांब जाईल’ तर ऐकायचं नाही, असले रॉड जास्त वजन फेकतानाच मोडतात, माशाने नाही. घेतल्यावर पहिलं काम, रॉडवरच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवून बघायचा. कडीच्या आतल्या रिंगला कुठे बारीक चीर असेल तर कापसाचा तंतू तिथे अडकतो, डोळ्याला ती चीर दिसत नाही पण पातळ लाईन मात्र तिथे घासून घासून बरोबर मासा लागल्यावर तुटते. माझ्या रॉडच्या टोकाकडून दुसऱ्या कडीत तंतू अडकला, विक्रेत्याला क्लोजअप व्हिडिओ पाठवला, आठवड्याभरात वरचा तुकडा बदलून आला. सर्व्हिसबद्दल तक्रार नाही, पण हे पहिल्या सात दिवसांतच करा कारण नंतर ते ऐकत नाहीत. दोन तुकडे जिथे एकमेकांत बसतात तिथे मेणबत्ती जराशी घासायची, म्हणजे घट्टही बसतात आणि काढताना पिळत बसावं लागत नाही.

आणि एक पुण्याचं म्हणून सांगते, आपण सगळे टूव्हीलरवाले. हा रॉड सुटा करून तीन फुटांचा होतो, प्लंबरकडून दोन इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा आणि दोन टोप्या आणल्या की ॲक्टिव्हाच्या पायाशी तिरका बसतो, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्येही कोणाला लागत नाही. नऊ फुटी रॉड घेऊन हे करून दाखवा.

रीलबद्दल. हातात घेतलं की हलकं वाटतं, खेळण्यातलं वाटेल कदाचित, पण या कामाला इतकंच लागतं. माझं अजून न खरखरता फिरतंय. ज्यांना सेट न घेता सुटं घ्यायचंय त्यांनी सरळ शिमानो सिएना १००० घ्यावं, या सेटमधल्यापेक्षा ते नक्कीच उजवं आहे, पैसे थोडे जास्त जातील. रीलमध्ये सगळ्यात महत्त्वाचा भाग ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की लाईन किती सहज सुटावी ते ठरवणारा समोरचा स्क्रू. नियम असा की लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ताणावर ती सुटायला हवी. चार पाउंड म्हणजे साधारण १.८ किलो, म्हणजे ४५० ते ६०० ग्रॅमच्या मध्ये. घरी करायची सोपी युक्ती, अर्धा किलो साखरेची पिशवी लाईनला बांधायची, रील-रॉड जोडून हळूहळू उचलायचं, पिशवी जमिनीवरून जेमतेम उठते न उठते तोच रील टर्रर्र करून लाईन सोडायला लागलं पाहिजे. नाही सोडली तर स्क्रू ढिला करा. हे एकदा केलं की मोठा मासा आला तरी लाईन सहसा तुटत नाही. मला भेटलेल्या नव्या लोकांपैकी बहुतेकांचा ड्रॅग इतका आवळलेला असतो की तो असून नसल्यासारखा.

गळ फेकल्यावर रीलवरची तारेची कमान हाताने बंद करायची, हँडल फिरवून नाही. हँडलने बंद केली की दर फेकीला लाईनला थोडा थोडा पीळ बसत जातो आणि तासाभरात तिचा गुंता होतो. हाताने बंद करून लाईन बोटाने जराशी ताणायची आणि मग फिरवायचं. छोटीशी सवय आहे पण पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

लाईन मात्र काढून टाका. सेटसोबत आलेली लाईन कडक आहे, स्प्रिंगसारखी गोल गोल सुटते, दीड-दोन ग्रॅमचा जिग तिला सरळ करूच शकत नाही. पेठेतल्या जाळी-दोरखंडाच्या दुकानात मऊ तंगूस मिळतो, तिथे पाउंड कोणी विचारत नाही, जाडी विचारतात, तर ०.१८ किंवा ०.२० मागायचा, चार पाउंडाच्या आसपासच बसतो. मी ज्या दुकानात जाते तिथले काका स्वतः गळ टाकणारे, त्यांनी पुडकं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून मग रीलवर भरायला सांगितलं, म्हणजे तंगूस मऊ होऊन नीट बसतो, आणि भरताना चिमटीत ओल्या फडक्याने धरून ताण ठेवायचा, स्पूलच्या (रीलवर लाईन गुंडाळली जाते त्या भागाच्या) काठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडायची. काठोकाठ भरला तर वेटोळी आपोआप खाली पडतात, कमी भरला तर लांब जात नाही. काकांनी ०.२० च्या पुडक्याचे जेवढे पैसे घेतले तेवढ्यात ऑनलाईन डिलिव्हरी चार्जसुद्धा निघत नाही, आणि हे सगळं शिकवलं ते वेगळंच. अशी दुकानं जोवर आहेत तोवर तिथूनच घ्या.

आता जिग. जिग म्हणजे शिशाचं गोल डोकं आणि त्यालाच ओतलेला गळ, वर रबराची ट्यूब चढवायची, पाण्यात ती छोट्या माशासारखी दिसते. क्रॅपीसाठी १/१६ औंस म्हणजे पावणेदोन ग्रॅम हे सगळ्यात चालणारं वजन, १/३२ म्हणजे त्याच्या निम्मं. यात समजून घ्यायची गोष्ट ही की जिग ओढताना जितका काम करतो त्यापेक्षा जास्त काम तो पडताना करतो. हलका जिग हळू पडतो, माशाला बघायला, जवळ यायला वेळ मिळतो. मावसभाऊ सांगतो, जिग पाण्यात पडला की मनात आकडे मोजायचे, एक, दोन, तीन, ज्या आकड्याला मासा लागला तो लक्षात ठेवायचा आणि पुढच्या प्रत्येक वेळी तेवढंच मोजून ओढायला सुरुवात करायची, कारण झुंड सगळी एकाच खोलीवर असते. आणि गाठ जिगच्या कडीच्या अगदी वरच्या बाजूला सरकवायची म्हणजे तो आडवा लोंबतो, गाठ पुढे घसरली तर डोकं खाली-शेपूट वर असा लटकतो आणि मासा त्याकडे बघतही नाही. प्रत्येक फेकीनंतर गाठ तपासायची सवय लावा.

चिलापीला मात्र दोन इंची ट्यूब मोठी होते. क्रॅपीचं तोंड मोठं असतं, आतला पडदा पातळ, चिलापीचं तोंड लहान आणि ओठ जाड. मी ट्यूब कात्रीने निम्मी करते, १/३२ च्या डोक्यावर चढवते आणि टोकाला गांडुळाचा अगदी नखाएवढा तुकडा लावते. नुसत्या रबराला चिलापी क्वचित येते, ती मुळात शेवाळ, पाण्यातला बारीकसारीक जीव आणि कुजका पाला खाणारी, छोट्या माशाच्या मागे धावणारी नाही. अपवाद एक, विणीच्या वेळी. नर चिलापी उथळ पाण्यात तळाला ताटलीसारखे खड्डे करून राखण करत बसतो, मादी अंडी तोंडात घेऊन निघून जाते, आणि हा नर खड्ड्यात काहीही पडलं तरी ते उचलून बाहेर टाकायला धावतो. पाणी नितळ असेल तर हे खड्डे काठावरून दिसतात, पोलराईज्ड (पाण्यावरची चमक कापणारा) गॉगल असेल तर फारच स्पष्ट. तिथे पोपटी रंगाचा १/३२ जिग हळूच सोडला की गांडूळ न लावताही तो तोंडात धरतो. हे मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय, फूटभर पाण्यात, जिग खड्ड्यात टेकला, नर वळला, त्याने जिग ओठात धरला, दोन वीत बाजूला नेला आणि थुंकला. त्या दोन वितीत मनगट उचलायचं, बस. रंगांचं म्हणाल तर पावसाळ्यानंतर पाणी गढूळ असतं तेव्हा पोपटी आणि गुलाबी, डिसेंबरनंतर पाणी निवळलं की पांढरा आणि धुरकट. पेटीतले बाकीचे चमकीवाले रंग माझ्या फारसे कामाला आले नाहीत.

या सेटमधली सगळ्यात मौल्यवान वस्तू स्लिप फ्लोट आहे, आणि बहुतेक लोक तोच बाजूला ठेवतात कारण कसा लावायचा ते कळत नाही. साधा फ्लोट लाईनवर पक्का बसतो, मग गळ दहा फूट खोल ठेवायचा तर फेकताना दहा फूट लाईन टोकाला लोंबकळत राहते, सहा फुटी रॉडने ते शक्यच नाही. स्लिप फ्लोटमधून लाईन आरपार सरकते. क्रम असा: लाईनवर आधी एक छोटी दोऱ्याची गाठ, ही गाठ सरकवता येते पण आपोआप सरकत नाही, मग एक बारीक मणी (शिशाचा नव्हे, लाईन ओवायचा), मग फ्लोट, मग शिशाचे एक-दोन मणी चिमटून, आणि त्याखाली वीतभरावर गळ. फेकताना फ्लोट खाली शिशापर्यंत येऊन बसतो, सगळं एकत्र उडतं, पाण्यात पडलं की शिसं लाईन ओढत खाली जातं, आणि दोऱ्याची गाठ मण्याला येऊन टेकली की थांबतं. म्हणजे गाठ वर-खाली सरकवून तुम्ही खोली ठरवता, पाच फूट हवी पाच, बारा हवी बारा. मणी विसरायचा नाही, नाहीतर गाठ फ्लोटच्या भोकातून निघून जाते. शिसं इतकंच लावायचं की फ्लोटचं फक्त रंगीत टोक पाण्यावर दिसेल, अर्धा फ्लोट वर तरंगत असेल तर अजून एक शिशाचा मणी चिमटा.

आणि मग तो वाचायला शिकायचं. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला वळलेले, तो खालून वर येऊन घास घेतो, त्यामुळे पुष्कळदा फ्लोट बुडत नाही तर आडवा पडतो, कारण माशाने शिसंच वर उचललेलं असतं. म्हणून तिकडे आमिष झुंडीच्या जराशा वरच्या पातळीला ठेवतात, खाली कधीच नाही. चिलापीचं वेगळं, ती तळाच्या जवळ चरत असते, तिच्यासाठी गळ तळापासून वीतभर वर ठेवायचा. ती आधी फ्लोटला टुक टुक टुक अशी थरथर देते, तेव्हा काही करायचं नाही, हात आवरायचा. मग फ्लोट एका बाजूला सरकायला लागतो, तिरका जातो, तेव्हा मनगट उचलायचं. झटका नाही, खांद्यापासून तर मुळीच नाही. क्रॅपीला झटका दिला की तोंडाचा पडदा फाटून मासा सुटतो, चिलापीला दिला तर गळ ओठातून उडून सरळ तुमच्या तोंडावर येतो. शेजारी कोणी बसलं असेल तर त्यांच्या. दोन्ही माशांना तेच मनगट उचलणं पुरतं, हलक्या सामानाने ही सवय आपोआप लागते, आणि पुढे कितीही मोठा रॉड घेतलात तरी ती कामाला येते.

गळ बदलावे लागतील. सोनेरी रंगाचे पातळ तारेचे गळ आलेत, ॲबरडीन म्हणतात त्यांना, ४ आणि २ नंबरचे. तार पातळ असल्याने जिवंत आमिष लवकर मरत नाही, आणि झाडात अडकला तर हळू ओढल्यावर गळ सरळ होऊन सुटून येतो, पक्कडीने परत वाकवला की झालं, ही कल्पना मला फार आवडली. पण चिलापीच्या तोंडाला ते मोठे पडतात. ८ आणि १० नंबरचे घ्या, इथे आकडा मोठा तितका गळ लहान असतो, दुकानात घोळ घालू नका. गळाच्या टोकामागचा छोटा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर मासा सोडणं सोपं जातं आणि गळ बोटात घुसला तरी सहज निघतो.

आमिष म्हणजे गांडूळ, कुंडीतलं नाहीतर गांडूळखतवाल्याकडचं, अख्खं नाही, अर्ध्या इंचाचा तुकडा. गांडूळ नको असेल तर कणीक-बेसन घट्ट मळून त्यात कापसाचे थोडे धागे मिसळायचे म्हणजे पाण्यात गोळा विरघळत नाही. भिगवणकडे एका भोई काकांनी हे सांगितलं, ‘ताई, पीठ गळावर बसलं पायजे, पाण्यात न्हाई.’

जागांबद्दल. खडकवासला जवळ आहे म्हणून सगळे तिथे जातात, पण एनडीएच्या बाजूला अजिबात जायचं नाही, लष्करी हद्द आहे, आणि पुण्याच्या पिण्याचं पाणी आहे ते, त्यामुळे पाट्या वाचून वागा. शिकण्यासाठी मला पानशेत-वरसगावचे बॅकवॉटर जास्त बरे वाटतात, आणि त्यातही एक गोष्ट उन्हाळ्यात करून ठेवायची. एप्रिल-मेमध्ये तिथलं पाणी खूप उतरतं कारण ते खाली खडकवासल्यात सोडतात, आणि मग एरवी पाण्याखाली असलेले जुने शेतांचे बांध, विहिरींचे कठडे, झाडांचे बुंधे उघडे पडतात. मोबाईलवर लोकेशन टाकून फोटो काढून ठेवा. पावसाळा संपून धरण भरलं की चिलापी, छोटे शिंगटे, मरळ तिथेच आसऱ्याला असतात. अमेरिकेत लोक झाडाच्या फांद्या बांधून मुद्दाम तळ्यात बुडवतात क्रॅपीसाठी, आपल्याकडे धरणांनी ते आधीच करून ठेवलंय. त्या गावांच्या शेतांवर आपण गळ टाकतो हेही लक्षात असू द्या, तिथल्या लोकांशी नीट बोला.

परवानगी विचारायचीच. आपल्या बहुतेक जलाशयांमध्ये मासेमारीचा हक्क सहकारी संस्थांना किंवा ठेकेदाराला दिलेला असतो, पाण्यात बीज त्यांनी सोडलेलं असतं, त्यांची रोजची भाकरी आहे ती. काठावर जाळी सुकत असतील तिथे जाऊन विचारलं तर एका रॉडला सहसा कोणी नाही म्हणत नाही, न विचारता बसलात तर हटकणारच आणि त्यांचं बरोबर आहे. देहूसारख्या ठिकाणी घाटावरच्या माशांना लोक खाऊ घालतात, तिथे गळ काढायचासुद्धा नाही. आणि महसीर, म्हणजे खवल्यांचा सोनेरी मोठा मासा, चुकून लागला तर ओल्या हाताने धरून पाण्यातच सोडा. या दख्खनी महसीरची शास्त्रीय नोंद कर्नल साईक्सने १८३९ साली आपल्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केली, आज त्याच नदीत पुण्यात काय आहे ते आपण रोज पुलावरून बघतो. लोणावळ्याला वळवणला टाटा पॉवरने वर्षानुवर्षं महसीरची पिल्लं तयार करून सोडली आहेत, म्हणजे लोक त्यासाठी किती झटलेत ते बघा.

धोक्याच्या गोष्टी थोडक्यात पण वाचाच. पाण्याचा सांडवा आणि दरवाजे यांच्या खाली बसायचं नाही, पाणी कधी सोडतील सांगता येत नाही. शेवाळलेल्या उतारावर चप्पल घालून उतरू नका, पोहता येत असलं तरी. रॉड कार्बनचा असेल तर वरून विजेच्या तारा जातात का ते आधी बघा, कार्बनमधून करंट जातो, आणि ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवून गाडीकडे निघा. शिशाला हात लावल्यावर हात धुतल्याशिवाय भेळ खायची नाही, लहान मुलं बरोबर असतील तर फ्लोट-शिसं तुम्ही लावा. चिलापीच्या पाठीवरचे काटे टोचतात, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून काटे दाबून मग धरायची. आणि तुटलेला तंगूस, एक वीतभर सुद्धा, खिशात घालून घरी आणायचा. उजनीच्या काठाला भिगवणला हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात, वर्षभर बगळे-करकोचे-सुरय असतात, पायात तंगूस गुंडाळलेला पक्षी मी बघितलाय, तो पाय वाळून गेलेला होता. काठावर दुसऱ्यांनी टाकलेलाही उचला.

कोणी घेऊ नये तेही सांगते. ज्यांना कटला-रोहूच धरायचाय, पाच-सात किलोचा, त्यांच्यासाठी हे नाही, त्यांनी जाड सामानच घ्यावं. मरळीच्या मागे असाल तरी नाही, तिला दात असतात आणि ती झाडीत घुसते, चार पाउंडाची लाईन तिथे टिकणार नाही. पण मुलांना घेऊन जाणार असाल, किंवा स्वतः कधीच गळ धरला नसेल, तर डोळे झाकून घ्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताला हा रॉड झेपतो, आणि शंभर ग्रॅमची चिलापीसुद्धा त्यावर रॉड वाकवते, मुलं ओरडतात, तेवढ्यासाठी तरी घ्याच.

खर्चाचं गणित असं, सेट तीन हजारांच्या आसपास पडला, सेल असेल तेव्हा कमी पडतो. त्यावर तंगूस, ८-१० नंबरचे गळ, एक लांब नाकाची पक्कड आणि छोटी हातजाळी, हे सगळं पेठेत पाचशे-सहाशेत होतं. हातजाळी चुकवू नका, पातळ लाईनवर मासा हवेत उचलायचा नसतो. पावसाळ्याच्या तोंडावर घेऊन ठेवलात तर रॉड नुसता कोपऱ्यात उभा राहील, पाणी गढूळ आणि काठ धोक्याचे असतात, तेव्हा आत्ता फक्त बॅकवॉटरला जाऊन बुंध्यांचे फोटो काढून या आणि सेट सप्टेंबरच्या शेवटी मागवा, तेव्हा सणांचे सेलही सुरू होतात.